गाडी अर्धी वर, अर्धी खाली

सकाळी सव्वादहाला आमच्या सँट्रोचा भाव ३१,००० रुपये होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी तो १९,५०० झाला. मधल्या पंचावन्न मिनिटांत गाडीचं काहीएक बिघडलं नव्हतं. फक्त तिची पुढची दोन चाकं टोचनच्या ट्रकवर चढली होती, मागची दोन आवारातल्या फरशीवर होती आणि त्यामुळे सोसायटीचं गेट अडलं होतं.

आमची इमारत ठाण्याच्या नौपाड्यातली. चार मजले, लिफ्ट नाही, जिन्यात पापुद्रे पडणाऱ्या भिंती. बरीच वर्षं बैठका आणि भांडणं होऊन ती शेवटी पुनर्विकासाला गेली. बिल्डरची नोटीस गेटवर चिकटवलेली होती: ३१ मे २०२५ पर्यंत घरं रिकामी करावीत, आवारातली वाहनंही हलवावीत. घरातलं सामान भाड्याच्या जागेत नेता येतं. बंद गाडी कुठं नेणार? भाड्याच्या घराला पार्किंग नव्हतं आणि असतं तरी या गाडीसाठी कोणी दिलं नसतं.

बाबांनी ती सँट्रो झिंग ऑगस्ट २००९ मध्ये घेतली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, संपली. पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, पण त्यासाठी नूतनीकरणाचे ५,००० रुपये, शिवाय पर्यावरण कर, आरटीओची तपासणी, नव्या पद्धतीची नंबरप्लेट. आणि हे सगळं चालत्या गाडीसाठी. आमची दोन वर्षांत जागची हलली नव्हती. मोतीबिंदूनंतर बाबांनी स्टिअरिंग सोडलं, मी कधी शिकलेच नाही, भाऊ पुण्यात. टपावर बदामाची पानं कुजून त्यांचा नकाशा उमटला होता.

मी चार ठिकाणी फोन केले. जवळच्या गॅरेजवाल्यानं न बघताच ‘बावीस देतो’ म्हणून सांगितलं. शीळफाट्याच्या एका भंगारवाल्यानं सव्वीस, रोख. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रानं २४,५००. आणि एका खरेदीदारानं, ज्याची जाहिरात मोबाइलवर सारखी डोळ्यासमोर नाचत होती, त्यानं पाच फोटो मागवले आणि दहा मिनिटांत ३१,००० चा आकडा पाठवला. सोबत ‘फ्री पिकअप, फुल पेपरवर्क’. मी अर्थातच त्यालाच हो म्हटलं. वर बोलण्याच्या ओघात हेही सांगून बसले की आमची बिल्डिंग पाडणार आहेत, महिनाअखेरच्या आत गाडी हलायलाच हवी. हे वाक्य मला किती महागात पडलं ते पुढं येईल.

ठरल्या दिवशी ट्रक आला. सोबत दोघे. एक ड्रायव्हर, पन्नाशीचा, मराठी बोलणारा. दुसरा पंचविशीतला, टी-शर्टवर खरेदीदाराचं नाव, हातात मोठा मोबाइल. त्यानं आधी आरसी मागितली. ‘फोटो काढतो’ म्हणाला आणि फोटो काढून कार्ड सरळ स्वतःच्या खिशात टाकलं. मी बघितलं, पण काही बोलले नाही. मग ड्रायव्हरनं टायरांत हवा भरली, पुढं हुक अडकवला, गाडी वर ओढणाऱ्या विंचचा कर्रर्र आवाज सुरू झाला आणि सँट्रो दोन वर्षांनी हलली. मला जरा गलबलूनच आलं. नेमक्या त्याच वेळी विंच थांबला.

‘मॅडम, शेठशी बोलून घेतो जरा.’

मग तपासणी सुरू झाली. म्हणजे जी आधी व्हायला हवी होती ती. त्यानं मडगार्डवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, पुट्टी कुठं भरली आहे ते आवाजावरून कळतं म्हणे. बॉनेट उघडलं. खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारला. प्रत्येक वेळी फोटो काढायचा, पाठवायचा, फोनवर दोन शब्द ऐकायचे आणि माझ्याकडं वळून एक आकडा सांगायचा.

बॅटरी नाही: तीन हजार कमी. टायर गेलेत: पंधराशे कमी. सायलेन्सरमधला कन्व्हर्टर ओरिजिनल नाही: चार हजार कमी. दोन चलनं बाकी आहेत: पंधराशे कमी. गाडी बंद आहे म्हणून टोचनचे पंधराशे.

मी मनात बेरीज करत होते. साडेअकरा हजार. म्हणजे साडेएकोणीस उरले. पाच हजार आत्ता ऑनलाइन, बाकीचे यार्डात वजन झाल्यावर.

खरं सांगायचं तर बॅटरीचा मुद्दा माझ्यावर उलटला. बॅटरी नव्हतीच. दीड वर्षापूर्वी भावानं त्याच्या गाडीसाठी नवी घेताना ही बदल्यात दिली होती. फोटो मागितले तेव्हा त्यानं बॉनेट उघडायला सांगितलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणजे विसरले असं नाही. वाटलं, विचारलं नाही तर कशाला. त्यामुळे ‘बॅटरी कुठाय?’ असं त्यानं विचारलं तेव्हा माझा आवाज बसला आणि तो त्यानं बरोबर हेरला. पण छोट्या गाडीची मेलेली बॅटरी भंगारात हजाराच्या आसपास जाते. कारण खरं, आकडा तिप्पट.

कन्व्हर्टरचं, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्याचं, उलटं. तो जागेवर होता. प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा अगदी पातळ थर आतल्या जाळीवर असतो, म्हणून भंगारात किलोमागं गाडीच्या बाकी पत्र्यापेक्षा त्याचाच भाव जास्त. मी म्हटलं, ओरिजिनल नाही हे कशावरून? तो म्हणाला, ‘दिसतंय ना मॅडम.’ मी त्याच्याच टॉर्चनं खाली वाकून बघितलं. मला एक गंजलेला डबा दिसला. त्यालाही तेवढंच दिसलं असणार. बाबांनी या गाडीचं प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल जपून ठेवलंय, पहिल्यापासून, तारखेवार. कन्व्हर्टर बदलल्याचं बिल त्यात नाही. पण ही फाइल वर कपाटात, मी खाली, आणि गाडी अर्धी हवेत.

टायरांबद्दल न बोललेलं बरं. मोडीत जाणाऱ्या गाडीचे टायर गेलेत म्हणून भाव कमी करणं म्हणजे रद्दीच्या दुकानात ‘या पेपरातल्या बातम्या शिळ्या आहेत’ म्हणण्यासारखं.

चलनांचा मुद्दा मात्र मला पटला. ती आमचीच होती, एक तीनहात नाक्याचं, एक माजिवड्याचं, दोन्ही जुनी. मी तिथंच उभं राहून मोबाइलवरून ती भरली. १,५०० रुपये. पावती त्याला दाखवली. ‘आता पंधराशे परत चढवा,’ म्हटलं.

त्यानं फोन लावला. ऐकलं. फोन ठेवला.

‘मॅडम, मार्केट पडलंय आज. लोखंडाचा भाव उतरलाय. साडेएकोणीसच होतील.’

इथं माझं डोकं चाललं, रागामुळे असेल. मी बँकेत कर्जविभागात आहे, आकडे हा माझा धंदा. सँट्रोचं वजन साधारण साडेआठशे किलो. गाडीच्या वजनात लोखंड आणि पोलाद सुमारे दोन-तृतीयांश. म्हणजे साडेपाचशे-पावणेसहाशे किलो. किलोमागं एक रुपया उतरला तर साडेपाचशे-पावणेसहाशे रुपये. पंधराशे कमी व्हायचे तर किलोला अडीच-तीन रुपये उतरायला हवेत, आणि तेही सकाळी सव्वादहा ते अकराच्या दरम्यान, नेमके माझं चलन भरून होईपर्यंत. मी त्याला हे सांगितलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी संस्कृत बोलतेय.

‘घरात सर आहेत का? त्यांच्याशी बोलतो.’

‘आहेत. वर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. बोला.’

बाबा गॅलरीतच उभे होते. त्यांनी वरून हात हलवला आणि माझ्या बाजूनं बोलायचं सोडून ओरडून सांगितलं, ‘अगं दे जाऊ दे! ऊन किती झालंय!’

तोवर सोसायटीचे सेक्रेटरी स्कूटर घेऊन गेटशी अडकले होते. त्यांनी हॉर्न वाजवला नाही, पण घड्याळ बघितलं, तेही मला दिसेल असं. दूधवाला मागं. समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीत तीन बायका. त्या मुलानं गेटवरच्या नोटिशीकडं बोट केलं आणि अगदी प्रेमानं म्हणाला, ‘एकतीसला खाली करायची ना बिल्डिंग? आज साडेएकोणीस आहे. उद्या फोन केलात तर सतरा असेल.’

हे ऐकल्यावर मला कळलं की आमचा सौदा गाडीचा नव्हताच. टायर, कन्व्हर्टर, लोखंडाचा भाव ही सगळी नंतर शोधलेली नावं होती. तो माझ्या घाईचा भाव करत होता, आणि ती घाई मीच फोनवरून त्याच्या हातात दिली होती. तेवढी कमी पडेल म्हणून की काय, ती गेटवरही छापून लावलेली.

मी पहिलं काम केलं ते म्हणजे आरसी परत मागितली. ‘अहो, फोटो झालेत की,’ म्हणाला. मी हात पुढं धरून उभी राहिले. ड्रायव्हरच म्हणाला, ‘दे रे त्यांचं कार्ड.’ कार्ड पर्समध्ये टाकल्यावर मी म्हटलं, ‘उतरवा.’

‘उतरवायचे पंधराशे लागतील.’

पंधराशे या आकड्यावर त्या माणसाचा फारच जीव होता.

‘भाव ठरायच्या आधी चढवायला मी सांगितलं नव्हतं. एकतीस हजार लिहिलेला मेसेज माझ्याकडं आहे. एकतीस देणार असाल तर चढवा, नाहीतर उतरवा.’

पाच मिनिटं फोनवर खल झाला. सेक्रेटरींनी स्कूटर स्टँडला लावली आणि मला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात सांगितलं की भंगारच आहे ते शेवटी. मी म्हटलं, काका, तुमच्या सोफ्याला भंगारवाल्यानं काय भाव दिला यावर परवा तुम्हीच अर्धा तास भांडत होता. ते गप्प झाले. मला तसं बोलायला नको होतं, पण बोलले.

गाडी उतरली. जिथं दोन वर्षं होती त्या जागेवर नाही, तर दोन हात अलीकडं, तिरकी, आणि ती पुढचे नऊ दिवस तशीच राहिली. सेक्रेटरींना रोज स्कूटर वाकडी करून न्यावी लागली.

ट्रक निघताना ड्रायव्हर पाणी मागायला आला. मी पाणी दिलं आणि ५०० रुपयेही दिले, कारण त्याची फेरी फुकट गेली होती आणि भाव त्यानं पाडला नव्हता. तो म्हणाला, ‘ताई, आमच्यात अशीच पद्धत आहे. गाडी उचलल्यावर बोलायचं. वर गेलेली गाडी माणूस सहसा खाली घेत नाही.’ आणि मग जाता जाता, ‘तुमची चौथी असेल या वर्षातली.’

त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलकाकांकडं गेले. मी त्यांना शीळफाट्याच्या २६,००० बद्दल विचारलं. रोख, कटकट नाही, उद्या सकाळी. त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘कागद काय देणार?’ काही नाही. मग त्यांनी समजावलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका अपघाताच्या खटल्यात ठरवलं की गाडी हातोहात कितीही पुढं विकली गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. आपल्या सँट्रोचं इंजिन दुसऱ्या कुठल्या गाडीत गेलं, नंबरप्लेट कोणी वापरली, तर पोलीस येतील ते बाबांच्या दारात. मोटार वाहन कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकानं चौदा दिवसांत, किंवा जमेल तितक्या लवकर, आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. पूर्वी भंगारवाले चेसिस नंबरचा पत्रा कापून मालकाच्या हातात द्यायचे आणि लोक तो पिशवीत घालून आरटीओत न्यायचे. २०२१ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारनं वाहन-भंगार केंद्रांचे नियम काढले, तेव्हापासून अधिकृत केंद्र गाडी ताब्यात घेऊन जमा-प्रमाणपत्र देतं. गाडी चोरीची नाही ना, हेही ते राष्ट्रीय गुन्हे नोंदीत तपासून घेतं.

म्हणजे सव्वीसमधले काही हजार हे बाबांची झोप विकण्याचे होते. सव्वीस बाद.

या नियमांत भावाबद्दल मात्र काही नाही, तो मालकानं आणि केंद्रानं आपसात ठरवायचा. २०२१ मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण जाहीर होताना नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के असा अंदाज सांगितला गेला होता. साडेपाच लाखांची छोटी गाडी धरली तर बावीस ते तेहतीस हजार. हे गणित मला पहिल्या फोनच्या आधी माहीत असतं तर एकतीसचा आकडा किती वरचा आहे हे तरी कळलं असतं. जो न बघता सगळ्यात जास्त देतो तो बघितल्यावर सगळ्यात जास्त कापणार, हे भाजीबाजारातसुद्धा लागू आहे. तिथं मला कोणी फसवू शकत नाही, गाडी म्हटली की अक्कल गहाण.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइल घेऊन खाली गेले आणि गाडीची कुंडली मांडली. चारही बाजूंचे फोटो, बॉनेट उघडं, बॅटरीची रिकामी जागा अगदी ठळक, डिकीतली स्टेपनी, मीटरवरचा किलोमीटरचा आकडा दिसेना तर काच पुसून. वॉचमनला टॉर्च धरायला लावून खालून कन्व्हर्टरचा व्हिडिओ. मागच्या उजव्या दाराला गंजाचं भोक होतं, त्यात बोट घालून फोटो. मग मेसेज लिहिला. त्यात आधी सगळे दोष: गाडी बंद, बॅटरी नाही, आरसीची मुदत संपलेली, दाराला भोक, टायर जुने. मग जमेची बाजू: एकच मालक, कर्जाचा बोजा नाही, स्टेपनी डिकीत, चलनं भरलेली, पावती सोबत. आणि शेवटी: ‘याच स्थितीत, आमच्या आवारातून उचलून नेण्याचा खर्च धरून, शेवटचा आकडा लिहून कळवा. पैसे खात्यात आल्यावरच गाडीला हुक लागेल.’

महिनाअखेरीचा उल्लेख नाही. उलट ‘घाई नाही, जूनमध्येही चालेल’ असं ठोकून दिलं. याचा मला पश्चात्ताप नाही.

सात जणांना पाठवला. तिघांनी उत्तरच दिलं नाही. एकानं लिहिलं, ‘मॅडम ऐसे धंदा नहीं होता.’ गॅरेजवाला बावीसवरून अठरावर आला, पण निदान आधीच आला. एकानं सत्तावीस म्हटलं, मात्र ‘पैसे आधी’ वाचल्यावर फोन उचलेना. आणि अधिकृत केंद्रानं २४,५०० चे २३,००० केले, बॅटरीचे आणि दाराचे मिळून दीड हजार वजा, मेलवर, शिक्क्यासकट. पंधराशेच पुन्हा. पण या पंधराशेंचा मला राग आला नाही, कारण ते मला घरात चहा पिताना कळले. हुक लागल्यावर नाही.

तरी माझी खात्री नव्हती. ज्या दिवशी केंद्राचा ट्रक यायचा त्या दिवशी मी सुट्टी टाकली, बाबांना सकाळीच मावशीकडं चरईला पाठवलं, आणि सेक्रेटरींना विनंती केली की नऊ ते बारा स्कूटर बाहेर लावा. ते म्हणाले, ‘लढाई आहे का?’ मी म्हटलं, हो.

आलेला माणूस चाळिशीचा, हातात क्लिपबोर्ड. माझा मेसेज छापून आणला होता. एकेक ओळ वाचत बरोबरची खूण करत गेला. मी चांगलीच ओशाळले, उगाच इतकी तयारी केली असं वाटलं. तेवढ्यात त्यानं डिकी उघडली.

‘ताई, स्टेपनी लिहिलीय तुम्ही. कुठाय?’

नव्हती. फोटोत होती, डिकीत नव्हती. जॅकही गेला होता. मधल्या आठवड्यात आवारात पॅकर्स, मजूर, जुने दरवाजे न्यायला आलेले लोक, सगळी जत्रा होती, आणि सँट्रोच्या डिकीचं कुलूप कधीच बिघडलेलं. मी वॉचमनकडं बघितलं, वॉचमननं आभाळाकडं बघितलं.

‘किती कमी करणार?’ मी विचारलं. मनात म्हटलं, आलाच बघ.

त्यानं केंद्रात फोन केला. ‘सातशे.’

मी थोडी थांबले. टायरसकट लोखंडी चाक, वर जॅक. सातशे ठीक होते. मला ‘एक रुपया कमी घेणार नाही’ असं म्हणायचं होतं, आठवडाभर आरशासमोर सराव केला होता. पण स्टेपनी नव्हतीच. ‘चालेल,’ म्हटलं. त्यानं कागदावर २३,००० खोडून २२,३०० लिहिलं, बाजूला कारण लिहिलं, खाली माझी सही घेतली, स्वतःची केली.

मग बाबांना चरईहून बोलवावं लागलं, कारण गाडी त्यांच्या नावावर, सही त्यांची, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आणि मोबाइल त्यांच्या खिशात. मी केलेल्या व्यूहरचनेतला हा मोठाच घोटाळा. ते रिक्षानं आले, ओटीपीचे सहा आकडे अख्ख्या आवाराला ऐकू जातील असे मोठ्यानं वाचले, आरसी, पॅन आणि रद्द केलेला चेक दिला. पैसे यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो माणूस आणि ट्रकचा ड्रायव्हर सावलीत बसून बाबांकडून २००९ मध्ये सँट्रो आणि वॅगन आर यांत सँट्रो का निवडली ते ऐकत होते. हुक जमिनीवर पडलेला होता. मी अधूनमधून त्याच्याकडं बघून घेत होते.

बाबांचा फोन किणकिणला. २२,३००. त्यांनी चष्मा लावून तीनदा वाचलं. मग म्हणाले, ‘आता न्या.’

डॅशबोर्डवरचा गणपती मी आधीच काढला होता. सीटखाली साडेअकरा रुपयांची नाणी निघाली, एक टोलची पावती आणि आईची केसांची पिन. ती पिन बाबांनी हातात घेतली आणि काही न बोलता खिशात ठेवली. फास्टॅग काचेवरून सोलताना फाटला, त्यातली शिल्लक बँकेला अर्ज करून नंतर मिळाली. विमा कधीच संपला होता, त्यामुळे तिथं काही मागायचं नव्हतं. जमा-प्रमाणपत्र काही दिवसांत मेलवर आलं. ते दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी शुल्क माफ होतं आणि रस्ताकरात राज्य ठरवेल तितकी सवलत मिळते, केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीला पंचवीस टक्क्यांपर्यंत. आम्हाला गाडी घ्यायची नाही. भावाच्या कामी येतंय का ते बघतोय.

रात्री भाड्याच्या घरी, अजून खोकी फोडायची होती, बाबा गाडीची वही घेऊन बसले. पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, सगळं त्या वहीत सोळा वर्षं. त्यांनी शेवटच्या पानावर जमेला २२,३०० लिहिलं. नावे चलन १,५००. नावे ड्रायव्हर ५००. खाली रेघ, २०,३००.

‘म्हणजे त्या साडेएकोणीसवाल्यापेक्षा आठशे जास्त,’ ते म्हणाले. ‘आठशेसाठी नऊ दिवस.’

‘बाबा, चलन मी त्याच्यासमोरच भरलं होतं. तो वर साडेएकोणीसच देत होता. म्हणजे त्याचे धरायचे तर अठरा. फरक तेवीसशेचा. आणि तेही सगळे मिळाले असते तर. आत्ता पाच हजार आणि बाकीचे यार्डात, म्हणाला होता.’

बाबांनी थोडा विचार केला. आठशे खोडले. २,३०० लिहिले. मग पेन तसंच धरून माझ्याकडं बघितलं.

‘आणि चरईची रिक्षा? जाऊन-येऊन?’

‘लिहा.’

‘कोणाच्या नावे?’

‘माझ्या.’

त्यांनी लिहिलं.